ईआरसीपीनंतरचे चोवीस तास : स्वादुपिंडाला सूज का येते आणि रुग्णासोबत जाणाऱ्याने काय विचारावे

बिद्री हे कागल तालुक्यातले गाव. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे जिल्ह्याबाहेरही त्याचे नाव आहे. या भागात पोटाचा मोठा आजार निघाला की रुग्णाला कोल्हापूरला न्यायचे, नाहीतर मिरजेला किंवा बेळगावला. अशा वेळी रुग्णासोबत दोघे जातात. एक घरातला, आणि दुसरा बहुधा वस्तीतला एखादा तरुण कार्यकर्ता. रेशनकार्ड, आधारकार्ड, योजनेचे कागद, रक्ताची धावाधाव, डॉक्टरांशी बोलणे हे सगळे त्याच्याकडे असते. हा लेख आम्ही त्या दुसऱ्या माणसासाठी लिहीत आहोत. विषय थोडा किचकट आहे, पण ज्याला कागद वाचायची सवय आहे त्याला अवघड नाही.

पित्ताशयातला खडा घसरून पित्तनलिकेत अडकला की डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, अंगाला खाज सुटते, उजव्या बरगडीखाली कळा येतात, कधी थंडी वाजून ताप भरतो. आपल्याकडे अशा रुग्णाला आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेले जाते. पथ्य चालते, माळ घातली जाते, नाकात थेंब सोडले जातात, कुठे कुठे मनगटावर डागही देतात. यात दोन-तीन आठवडे जातात. लिव्हरच्या साध्या संसर्गाची कावीळ पुष्कळदा आपोआप उतरते, म्हणून श्रेय माळेला मिळते. नलिकेत खडा अडकलेली कावीळ मात्र माळेने उतरत नाही. उलट नलिकेत पू झाला तर जीव जातो. तेव्हा शेवटी शहरातले डॉक्टर सांगतात, 'दुर्बिणीने खडा काढावा लागेल, ईआरसीपी करू.' त्यात पोट फाडायचे नसते, टाके नसतात, दुसऱ्या दिवशी घरी. घरच्यांना हायसे वाटते आणि सही होते.

हे सगळे खरेच आहे. पण याच्यासोबत आणखी एक गोष्ट खरी आहे आणि ती पुरेशा स्पष्टपणे सांगितली जात नाही. ईआरसीपीनंतर दर शंभरातल्या तीन ते दहा रुग्णांना स्वादुपिंडदाह होतो, म्हणजे स्वादुपिंडाला अचानक सूज येते. बहुतेकांची सूज दोन-चार दिवसांत सलाईनवर उतरते. काहींना आठवडेच्या आठवडे रुग्णालयात काढावे लागतात. हजारात एक ते सात रुग्ण या एका गुंतागुंतीने दगावतात.

असे का होते, ते समजण्यासाठी पोटातली जागा डोळ्यांसमोर आणू या. लिव्हरमधून पित्त आणणारी एक नळी आणि स्वादुपिंडातून पाचकरस आणणारी दुसरी नळी, या दोन्ही लहान आतड्याच्या पहिल्या भागात जवळजवळ एकाच तोंडाने उघडतात. हे तोंड काही मिलिमीटरचे, मसुराच्या दाण्याएवढ्या उंचवट्यावर असते. त्याभोवती स्नायूचे एक कडे असते. जेवण आले की ते सैल होते, एरवी आवळलेले राहते. रुग्गेरो ओडी या इटालियन माणसाने १८८७ मध्ये त्याचे वर्णन केले. तेव्हा तो वैद्यकीचा विद्यार्थी होता. त्यावरून त्या कड्याला आजही ओडीचे स्फिंक्टर म्हणतात. आपण त्याला ओडीची झडप म्हणू.

ईआरसीपीत तोंडावाटे दुर्बीण घालून आतड्यातल्या या उंचवट्यापर्यंत जातात. त्या बारीक तोंडातून तार आणि नळी आत सरकवतात, एक्स-रेत दिसणारे औषध सोडतात, झडप विजेच्या तारेने थोडी कापतात आणि बास्केटने किंवा फुग्याने खडा ओढून काढतात. या तोंडात दुर्बिणीने शिरता येते हे १९६८ मध्ये अमेरिकेत मॅककून यांनी दाखवले. झडप कापून खडा काढण्याचे काम १९७४ मध्ये जर्मनीत क्लासेन आणि डेमलिंग यांनी, आणि जपानमध्ये कावाई यांनी, जवळपास एकाच सुमारास प्रसिद्ध केले. त्याआधी नलिकेतला खडा काढायचा तर पोट उघडावे लागे आणि रुग्ण पोटाबाहेर काढलेली रबरी नळी घेऊन बरेच दिवस राही. त्यामुळे ईआरसीपी वाईट, असा अर्थ या लेखातून कोणी काढू नये. या प्रक्रियेने अगणित लोक वाचले आहेत. नलिकेत पू झालेल्या रुग्णाला ती वेळेवर मिळाली नाही तर जे होते ते स्वादुपिंडाच्या सुजेपेक्षा कितीतरी भयंकर असते.

आता अडचण कुठे आहे? डॉक्टरांना जायचे असते पित्ताच्या नळीत, पण तोंड सामाईक. तार वारंवार शेजारच्या स्वादुपिंडाच्या नळीत शिरते. तिथे औषध दाबाने सुटले तर नळी ताणली जाते. पुन्हा पुन्हा टोचल्याने तो मसुराएवढा उंचवटा सुजतो, विजेच्या तारेची उष्णता त्यात भर घालते आणि स्वादुपिंडाचा रस बाहेर पडायची वाट बंद होते. हा रस साधा नाही. त्यातली पाचकद्रव्ये मांस आणि चरबी पचवणारी असतात. एरवी ती निद्रिस्त अवस्थेत आतड्यात येतात आणि तिथे जागी होतात. वाट तुंबली की ती ग्रंथीच्या आतच जागी होतात आणि स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागते. सूज, त्यातून शरीरभर पसरणारा दाह, रक्तवाहिन्यांतून पाझरणारे पाणी, खाली जाणारा रक्तदाब, थकणाऱ्या किडन्या असा तो पुढचा प्रवास असतो.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. धोका 'कापण्यात' आहे, नुसते आत जाऊन बघण्यात नाही, असे अनेकांना वाटते. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिचे नाव एपिसॉड. पित्ताशय आधीच काढलेले, पोट दुखते, पण रक्ततपासणी आणि नलिका दोन्ही जवळपास ठीक, असे २१४ रुग्ण तिच्यात होते. अशा दुखण्याला त्या काळी 'ओडीच्या झडपेचा बिघाड' म्हणत आणि झडप कापत. चाचणीत चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून काहींची झडप कापली, काहींची कापली नाही आणि कोणाचे काय केले ते रुग्णाला कळू दिले नाही. वर्षभराने कापलेल्यांपैकी २३ टक्क्यांना बरे वाटले, न कापलेल्यांपैकी ३७ टक्क्यांना! म्हणजे कापून काही फायदा झाला नाही. आणि ज्यांची झडप कापलीच नाही, फक्त आत जाऊन तपासणी केली, त्या ७३ जणांपैकी ११ जणांना स्वादुपिंडदाह झाला. कितीतरी वर्षे, कितीतरी देशांत, चांगल्या हेतूने केलेली ही प्रक्रिया त्या प्रकारच्या रुग्णांसाठी निरुपयोगी निघाली. मोठ्या डॉक्टरांनी सांगितले एवढ्याने एखादी गोष्ट सिद्ध होत नाही, ती तपासावी लागते, हे वैद्यकशास्त्राने स्वतःच्याच बाबतीत मान्य केले. आम्हाला ही त्या शास्त्राची ताकद वाटते.

यावरून पहिला प्रश्न निघतो आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे : ईआरसीपी नक्की कशासाठी? नलिकेत खडा आहे हे दिसले आहे का, की 'एकदा बघून घेऊ' म्हणून आहे? नुसते बघायला आता ईआरसीपी लागत नाही. एमआरसीपी नावाची तपासणी एमआरआयच्याच यंत्रात होते, शरीरात काही घालावे लागत नाही. दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी लावलेली तपासणीही असते. या दोन्हींत स्वादुपिंडाला धक्का जवळजवळ लागत नाही. आधी हे करून खडा, गाठ किंवा अडथळा पक्का झाला आणि मग ईआरसीपी ठरली, तर ठीक. सोनोग्राफीत नलिका फुगलेली नाही, बिलिरुबिन नॉर्मल आहे, फक्त पोट दुखते आणि तरी ईआरसीपी सांगितली आहे, तर तिथे थांबून विचारायला हवे. गरज नसताना केलेली ईआरसीपी टाळणे, हा स्वादुपिंडदाह टाळण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. गंमत अशी की ज्याला या प्रक्रियेची गरज सगळ्यात कमी, त्यालाच तिचा धोका सगळ्यात जास्त असतो.

हे विधान नुसते तर्काचे नाही. १९९६ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या १७ रुग्णालयांतल्या २,३४७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे सगळे झडप कापलेले रुग्ण. त्यांच्यात एकूण गुंतागुंत ९.८ टक्के होती, त्यात स्वादुपिंडदाह ५.४ टक्के आणि रक्तस्राव २ टक्के. पण 'झडपेचा बिघाड असावा' एवढ्याच संशयावर ज्यांची प्रक्रिया झाली, त्यांच्यात गुंतागुंतीचे प्रमाण २१ टक्क्यांच्या पुढे गेले. तरुण वय, स्त्री असणे, बिलिरुबिन नॉर्मल असणे, आधी एकदा ईआरसीपीनंतर सूज आलेली असणे, आत शिरायला फार वेळ लागणे, तार किंवा औषध स्वादुपिंडाच्या नळीत जाणे या गोष्टींनी धोका वाढतो. नलिका खड्याने फुगलेला, पिवळाधमक झालेला सत्तर वर्षांचा म्हातारा बऱ्याचदा सुखरूप घरी येतो आणि तिशीतली, सडपातळ, वरून निरोगी दिसणारी बाई अडकते. आपल्या घरांत बाईचे पोटदुखणे आधीच उशिरा मनावर घेतले जाते. प्रक्रियेनंतर ती कण्हू लागली तर 'थोडे सहन कर, दुर्बीण घातली की दुखणारच' असे म्हणायला सगळेच पुढे असतात. नेमक्या याच रुग्णाकडे जास्त लक्ष द्यायला हवे, हे सोबत गेलेल्याने पक्के ध्यानात ठेवावे.

विदर्भातल्या वाचकांसाठी इथे थोडे थांबतो. तिथे आपल्या बौद्ध समाजात आणि आदिवासी समाजांत सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे, हे जुन्या अभ्यासांपासून नोंदलेले आहे. या आजारात तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यातून बिलिरुबिन तयार होत राहते आणि कमी वयातच पित्ताशयात काळे खडे धरतात. म्हणून सिकलसेलच्या तरुणाला नलिकेतला खडा आणि ईआरसीपी यांना सामोरे जावे लागू शकते. पण त्याचे डोळे पिवळे असण्याला खडा हेच कारण असेल असे नाही. नुसत्या पेशी फुटल्यानेही ते पिवळे दिसतात. बिलिरुबिनचे दोन भाग असतात, डायरेक्ट आणि इनडायरेक्ट. पेशी फुटल्याने मुख्यतः इनडायरेक्ट वाढते, नळी तुंबल्याने डायरेक्ट. रिपोर्टवर हे दोन्ही आकडे छापलेले असतात. तेव्हा सिकलसेलचे कार्ड खिशात ठेवू नका, पहिल्याच भेटीत डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. अशा रुग्णाला पाणी कमी पडणे, ऑक्सिजन कमी होणे हेही घातक असते आणि प्रक्रियेआधीचा उपवास लांबला तर तेच होते.

धोका कमी करण्यासाठी डॉक्टरांच्या हातात काय असते? पहिली गोष्ट फारच साधी आहे. इंडोमेथासिन किंवा डायक्लोफेनॅकची १०० मिलिग्रॅमची गोळी संडासाच्या जागेतून ठेवायची. सूज उतरवणारी ही जुनी, स्वस्त औषधे. २०१२ मध्ये अमेरिकेत ६०२ रुग्णांवर, बहुतेक जास्त धोक्याच्या, चाचणी झाली. नुसती दिखाऊ गोळी ठेवलेल्यांत १६.९ टक्क्यांना स्वादुपिंडदाह झाला, इंडोमेथासिन ठेवलेल्यांत ९.२ टक्क्यांना. २०१६ मध्ये चीनमधून २,६०० रुग्णांचा अभ्यास आला. प्रक्रियेच्या आधीच सगळ्यांना गोळी ठेवली तर प्रमाण ४ टक्के, आणि फक्त जास्त धोक्याच्या रुग्णांना नंतर ठेवली तर एकूण ८ टक्के. किडनी निकामी असणे, या औषधांची अॅलर्जी, अल्सरमधून रक्तस्राव, गरोदरपणाचे शेवटचे महिने असे काही अपवाद सोडले तर ती न ठेवण्याला फारसे कारण उरत नाही. लाखांच्या यंत्रांच्या खोलीत एका स्वस्त गोळीने निम्मा धोका टळतो, ही वैद्यकातली दुर्मीळ गोष्ट आहे. आणि स्वस्त असल्यामुळेच तिची कोणी जाहिरात करत नाही, असे आम्हाला वाटते.

दुसरी गोष्ट म्हणजे तार स्वादुपिंडाच्या नळीत गेलीच, तर तिथे एक बारीक प्लास्टिकची नळी, स्टेंट, ठेवून देणे. तोंड सुजले तरी रसाला वाट राहते. हे काम कौशल्याचे आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,९५० रुग्णांच्या चाचणीत जास्त धोक्याच्या लोकांना गोळी आणि स्टेंट दोन्ही दिल्यावर प्रमाण ११.३ टक्के राहिले, नुसत्या गोळीवर १४.९ टक्के. म्हणजे गोळी स्टेंटची जागा पूर्ण घेत नाही. सलाईनचाही उपयोग होतो, विशेषतः गोळी देता येत नसेल तेव्हा. गोळी दिली असताना भरमसाट सलाईनने आणखी फायदा झाल्याचे मात्र दिसले नाही. हृदयाच्या आणि किडनीच्या रुग्णाला ते महागात पडते. बाकी सगळे हातांच्या सरावावर आहे. रोज ईआरसीपी करणारे हात आणि महिन्यातून एकदा करणारे हात सारखे नसतात. 'आपल्याकडे महिन्याला साधारण किती होतात?' हा प्रश्न नम्रपणे विचारता येतो. चांगला डॉक्टर त्याचा राग मानत नाही.

आता शीर्षकातल्या चोवीस तासांकडे येऊ.

धरा, बिद्रीजवळच्या एका वाडीतल्या पस्तिशीच्या बाईची कोल्हापुरात सकाळी अकराला ईआरसीपी झाली. खडा निघाला. संध्याकाळी सहाला ती उठून बसली, चहा मागितला. खाटा कमी, घरी लहान मुले, नवऱ्याची दुसऱ्या दिवशी कारखान्यात पाळी. 'घरी गेलात तरी चालेल' म्हटल्यावर सगळे गाडीत बसतात. रात्री अकराला बेंबीच्या वर कळ सुरू होते आणि आरपार पाठीत जाते. उलट्या सुरू होतात. पुढे वाकून बसले की जरा बरे वाटते, उताणे झोपले की जीव जातो. घरात अॅसिडिटीची गोळी असते, ती दिली जाते. सकाळी बघू असे ठरते. सकाळपर्यंत तोंडाला कोरड, लघवी कमी, नाडी जोरात.

या आजाराची वेळ अशीच असते. दुखणे बहुतेक करून पहिल्या काही तासांत आणि जवळजवळ नेहमी पहिल्या चोवीस तासांत सुरू होते. सुरुवातीच्या तासांत योग्य सलाईन, वेदनाशामक आणि लक्ष मिळाले तर पुष्कळ निभावते. तासाभराच्या वाटेवरचे गाव, रात्रीची वेळ, मिळेल ती गाडी यांत तेच तास वाया जातात. शहरात रुग्णालयाशेजारी राहणाऱ्या माणसासाठी 'त्याच दिवशी घरी' ही सोय असेल. बिद्री, राधानगरी, भुदरगडच्या रुग्णासाठी ती सोय नाही. पहिली रात्र रुग्णालयात, निदान शहरातच नातेवाइकाकडे काढावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. खाटेचे भाडे वाढते हे खरे, पण त्या एका रात्रीचा हिशेब नंतरच्या अतिदक्षता विभागाच्या बिलाशी लावून बघा.

रात्र काढणे शक्यच नसेल तर निघण्यापूर्वी एक तपासणी मागता येते. युरोपातल्या दुर्बीणतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितले आहे की प्रक्रियेनंतर पोटात दुखत असेल आणि त्याच दिवशी घरी सोडायचे असेल, तर दोन ते सहा तासांनी रक्तातले अमायलेज किंवा लायपेज बघावे. अमायलेज नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या दीडपटीहून कमी किंवा लायपेज चारपटीहून कमी असेल, तर सूज येण्याची भीती फार थोडी, सोडायला हरकत नाही. याची उलट बाजूही सांगायला हवी. ईआरसीपीनंतर पुष्कळ जणांचे अमायलेज नुसतेच वाढते, दुखत काहीच नाही. त्याला स्वादुपिंडदाह म्हणत नाहीत. १९९१ मध्ये ठरलेली व्याख्या आजही वापरात आहे : नवीन किंवा वाढलेले पोटदुखणे, चोवीस तासांनंतरही तिपटीहून जास्त अमायलेज, आणि त्यासाठी रुग्णालयात राहावे लागणे. तेव्हा रिपोर्टवरचा लाल आकडा बघून घाबरू नका आणि आकडा नाही म्हणून दुखणे उडवूनही लावू नका.

घरी दुखू लागलेच तर सकाळची वाट बघायची नाही. ज्यांनी ईआरसीपी केली तिथे फोन करायचा आणि निघायचे. गाडी नसेल तर १०८. अंतर फार असेल, रुग्ण थकला असेल, तर आधी मुरगूड किंवा गारगोटीच्या ग्रामीण रुग्णालयात सलाईन लावून घेता येते. तिथल्या डॉक्टरांना पहिले वाक्य हे सांगा : 'काल ईआरसीपी झाली आहे.' नुसते 'पोट दुखते' म्हटले तर गॅसचे इंजेक्शन मिळण्याची शक्यता जास्त. पोट कडक होणे, ताप, काळी संडास किंवा रक्ताची उलटी ही वेगळ्या गुंतागुंतीची, म्हणजे छिद्र, संसर्ग आणि रक्तस्रावाची चिन्हे आहेत. त्यांनाही तितकीच घाई लागते. रक्तस्राव तर काही दिवसांनीही होऊ शकतो.

आणखी एक बोलायचे राहू नये. स्वादुपिंडाला सूज म्हटले की वॉर्डात, गावात, पाहुण्यांत पहिला प्रश्न येतो, 'पीत होता काय?' दारू हे स्वादुपिंडदाहाचे मोठे कारण आहे, यात शंका नाही. पण खडे हेही तितकेच मोठे कारण आहे आणि ईआरसीपी हे तिसरे. ज्या माणसाने आयुष्यात पंचशीलाचा पाचवा नियम मोडला नाही, त्याच्या घरच्यांनाही हा प्रश्न ऐकावा लागतो. काही ठिकाणी वस्तीचे नाव ऐकूनच तो विचारला जातो. तेव्हा केसपेपरवर कारणाच्या रकान्यात काय लिहिले आहे ते वाचा. चुकून दारूचा उल्लेख आला असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या, विमा आणि योजना या दोन्हींच्या कामात तो नंतर आडवा येऊ शकतो.

संमतीपत्राचेही असेच. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात निकाल दिला. तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचे गर्भाशय तिला न विचारता, तिच्या आईच्या होकारावर काढले गेले होते. न्यायालयाने सांगितले की संमती खरी हवी : काय करणार, कशासाठी, पर्याय काय, मोठे धोके कोणते, हे रुग्णाला समजेल इतके सांगून घेतलेली. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या रुग्णाऐवजी नातेवाइकाची संमती चालत नाही. तपासणीची संमती ही उपचाराची संमती नव्हे. जिवावर बेतले असेल तर अपवाद. अगदी दुर्मीळ धोके सगळे सांगत बसावे असे न्यायालय म्हणत नाही. पण शंभरातल्या पाच जणांना होणारी गोष्ट दुर्मीळ नसते. तेव्हा बायकोऐवजी नवऱ्याने घाईत सही करण्याची आपल्याकडची पद्धत बंद व्हायला हवी. कागद तिला वाचून दाखवा, मराठीत सांगायला सांगा, 'स्वादुपिंडाला सूज' हे शब्द त्यात आहेत का बघा, आणि सही तिची घ्या. महाराष्ट्रात २०२१ च्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांनुसार रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. लावलेले नसेल तर विचारा.

इतके सांगितल्यावर उलट बाजू सांगणे आमचे कर्तव्य आहे. गुंतागुंत म्हणजे हलगर्जीपणा नव्हे. उत्तम हातांत, गोळी ठेवून, स्टेंट घालूनही काही जणांना सूज येतेच. अशा वेळी जमाव घेऊन काचा फोडणे अन्याय आहे आणि २०१० च्या राज्याच्या कायद्याने गुन्हाही. शिवाय ज्या डॉक्टरांना दगड बसतात ते पुढच्या गरीब आणि गुंतागुंतीच्या रुग्णाला हात लावायला कचरतात. विचारायचेच असेल तर योग्य प्रश्न विचारा. प्रक्रियेची गरज कोणत्या तपासणीवरून ठरली? धोका सांगितला होता का? गोळी ठेवली होती का, नसेल तर का नाही? दुखते म्हटल्यावर किती वेळाने कोणी बघितले? उत्तरे कागदांत असतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाला कागदपत्रे द्यायची असतात. मागणी लेखी करा, पोच घ्या. कोरा राग घेऊन गेलेल्या पन्नास जणांपेक्षा केसपेपरची प्रत हातात असलेला एकटा कार्यकर्ता जास्त काही मिळवून आणतो.

पैशांचे थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. सगळी रुग्णालये त्यात नसतात आणि सगळ्या प्रक्रिया सगळीकडे होत नाहीत. म्हणून दाखल होण्याआधी आरोग्यमित्राला दोन गोष्टी विचारा : या रुग्णालयात ही ईआरसीपी योजनेत बसते का, आणि गुंतागुंत झाली तर वाढलेल्या दिवसांचा खर्च कसा धरला जाईल? दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही आणि घर कर्जात जाते ते त्याच दिवसांमुळे.

राहिला स्टेंट. नलिकेत खडे शिल्लक असतील किंवा सूज असेल तर पित्ताच्या नळीतही प्लास्टिकचा स्टेंट ठेवतात. तो साधारण तीन महिन्यांत तुंबू लागतो. वेळेवर काढला किंवा बदलला नाही तर पुन्हा कावीळ, पुन्हा ताप, पुन्हा पू. स्वादुपिंडाच्या नळीतला बारीक स्टेंट बहुधा आपोआप पडून जातो, पण तो पडला की नाही हे पाच-दहा दिवसांनी एक्स-रे काढून बघावे लागते. बिद्रीच्या कारखान्यावर हंगामात बाहेरच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर येतात. टोळीतल्या एखाद्याला फेब्रुवारीत कोल्हापुरात स्टेंट पडला, मार्चअखेर टोळी गावाकडे परतली, दुखणे थांबले, की पोटात स्टेंट आहे हेच विसरले जाते. डिस्चार्ज कार्डवर स्टेंट कोणत्या नळीत, कोणत्या तारखेला ठेवला आणि कधी काढायचा, या तीन गोष्टी लिहून घ्या. कार्डाचा फोटो रुग्णाच्या मोबाइलवर, मुकादमाच्या मोबाइलवर आणि स्वतःच्या मोबाइलवर ठेवा, आणि काढायच्या तारखेच्या आठ दिवस आधीचा गजर आजच लावून टाका.